वजन उतरवायचं तर आधी मोजा, मग ताट, मग पाय, शेवटी जिम

एक तारखेला जिम लावली, त्याच दिवशी भात बंद केला, दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाच किलोमीटर धावलो. आठवड्याभरात गुडघा सुजला, तिसऱ्या आठवड्यात सगळंच बंद पडलं. हे मी तीन वेळा केलं आणि तिन्ही वेळा वजन आधीपेक्षा दोन-तीन किलोंनी वाढूनच थांबलं. चौथ्या वेळी मेहनत वाढवली नाही, फक्त क्रम बदलला. उंची १७३ सेंटीमीटर, वजन ९८ किलो, वय २७, दिवसभर खुर्चीत बसून काम, संध्याकाळी बसचा तासाभराचा प्रवास. तिथून १५ महिन्यांत ७४ किलोवर आलो. त्याला आता दीड वर्ष होत आलं आणि काटा बहुतेक वेळ ७३ ते ७६ च्या मध्येच फिरतो.

तेव्हापासून मित्र, चुलतभाऊ, ऑफिसातली पोरं विचारत असतात. सांगितलं की नेमका पाचवा टप्पा पहिल्या दिवशी करतात, पहिला टप्पा कोणीच करत नाही, आणि महिन्याभराने ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून सोडून देतात. म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. हिशेब विशी-तिशीतल्या, बसून काम करणाऱ्या पुरुषांसाठी आहे. बायकांसाठी आकडे वेगळे येतात.

## सुरू करण्याआधी: कोणी थेट डॉक्टरांकडे जायचं

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. औषध तेवढंच आणि जेवण कमी, असं झालं की साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच, वजन उतरेल तसा डोस बदलावा लागू शकतो. चालताना छातीत दुखत असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा रात्री जोरात घोरणं आणि दिवसा बसल्याजागी डोळा लागणं असेल तर आधी तपासणी.

बाकीच्यांनीही एकदा रक्ततपासणी करून घ्यावी: उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), टीएसएच (थायरॉइड), एसजीपीटी (यकृत), बी १२ आणि ड जीवनसत्त्व. एचबीए१सी ५.७ ते ६.४ आलं तर ती मधुमेहाच्या आधीची पायरी असते, ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. माझं ५.९ होतं. तोवर मला वाटत होतं की आपला प्रश्न फक्त शर्टाच्या बटणांचा आहे.

## टप्पा १: सात दिवस फक्त मोजायचं

या आठवड्यात खाण्यात काहीही बदल करायचा नाही. सगळ्यात अवघड टप्पा हाच, कारण उत्साह भरपूर असतो आणि हात बांधून बसायचं असतं.

सामान एवढंच: डिजिटल वजनकाटा, शिंप्याकडे असते तशी कापडी टेप, स्वयंपाकघरातला पाच किलोपर्यंतचा छोटा काटा, मोजायच्या चमच्यांचा संच आणि एक वही. मोबाइलमधलं अ‍ॅपही चालतं, पण त्यात ‘एक वाटी डाळ’ असं लिहिलेलं असतं आणि त्यांची वाटी तुमच्या घरातली नसते. घरातली एक वाटी ठरवा, तिच्यात पाणी भरून किती मावतं ते काट्यावर पाहा. पुढचं सगळं माप त्याच वाटीचं.

वजन. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, पाणी-चहाच्या आधी, रोज सारख्याच कपड्यांत. काटा सपाट फरशीवर ठेवा, सतरंजीवर किंवा फरशीच्या सांध्यावर नको. रोजचा आकडा लिहा आणि रविवारी सातही दिवसांची सरासरी काढा. पुढे तुलना करायची ती सरासरीची सरासरीशी. रात्री पापड-लोणचं झालं, हॉटेलात जेवलात, झोप कमी झाली, की सकाळी काटा किलो-दीड किलो वर दिसतो. ते पाणी असतं, चरबी नव्हे.

कंबर. इथे जवळजवळ सगळे चुकतात. पँटचा नंबर म्हणजे कंबर नाही, कारण पोट सुटल्यावर पँट पोटाच्या खाली बांधली जाते. मी ३६ ची पँट घालत होतो आणि टेपने कंबर १०८ सेंटीमीटर भरली, म्हणजे साडेबेचाळीस इंच. उघड्या अंगावर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, मागून ती जमिनीला समांतर आहे का ते आरशात पाहा, श्वास सहज सोडा आणि मग वाचा. पोट आत ओढू नका. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटरच्या पुढे धोका धरतात.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. आपल्याकडे २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलपणा मानतात. इंटरनेटवरच्या तक्त्यांत बहुतेक वेळा २५ आणि ३० हे आकडे असतात. ते पाहून ‘मी काठावर आहे’ असं समाधान करून घेऊ नका. आपल्या लोकांत कमी वजनालाही पोटावर चरबी साठते आणि साखर वाढते.

वही. तोंडात गेलेलं सगळं लिहा. चहा, सोबतची दोन बिस्किटं, डबा भरताना चाखलेली भाजी, ऑफिसातल्या वाढदिवसाचा केक, टीव्हीसमोरचा चिवडा. जेवण झाल्यावर आठवून लिहायचं नाही, खाण्याआधी लिहायचं. सात दिवसांत एक शनिवार आणि एक रविवार आलाच पाहिजे.

*तपासा:* सातव्या दिवशी वहीत चहाचे कप, पोळ्यांची संख्या, बाहेरचं खाणं आणि रात्री जेवायची वेळ स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर आणखी एक आठवडा लिहा. पुढे जाऊ नका.

## टप्पा २: आकडा काढा

शरीर नुसतं पडून राहिलं तरी किती कॅलरी खर्च होतात, ते काढायचं एक चांगलं सूत्र आहे, मिफ्लिन-सेंट जिओर. पुरुषांसाठी असं:

वजन (किलो) × १० + उंची (सेंमी) × ६.२५ − वय × ५ + ५

माझा हिशेब: ९८० + १०८१ − १३५ + ५ = १९३१. बसून काम आणि थोडंफार चालणं असेल तर याला १.३ ने गुणा. आले साधारण २५००. एवढं खाल्लं तर वजन जागच्या जागी राहतं. त्यातून ५०० वजा करा, म्हणजे २०००. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात, त्यामुळे रोजच्या ५०० च्या तुटीने आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरतं. सुरुवातीला वजन जास्त असेल तर थोडं जास्त.

पहिल्या दोन आठवड्यांत तीन किलो गेले तर हुरळून जाऊ नका. खाणं कमी झालं की शरीर आधी साठवलेली साखर वापरतं, आणि त्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. ते पाणी जातं. तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावतो, आणि बरेच जण नेमके तिथेच निराश होऊन सोडतात.

सावध: ‘अर्धा किलो म्हणजे फारच हळू’ म्हणून ११००-१२०० कॅलरीवर जाऊ नका. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय पुरुषाने १५०० च्या खाली उतरू नये. झपाट्याने वजन उतरवलं तर स्नायू झिजतात, पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते आणि दोन-तीन महिन्यांनी केस मूठभर गळायला लागतात. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात केसांचं हेच झालं होतं, आणि मी तेल बदलत बसलो होतो.

आता दुसरा आकडा, प्रथिनांचा. जिथे पोचायचं ते वजन घ्या आणि प्रत्येक किलोला किमान १.२ ग्रॅम धरा. ७५ किलोला ९० ग्रॅम. वही काढा आणि तुमचे किती होतात ते बघा. शाकाहारी डब्यावर माझे ४५ च्या पुढे जात नव्हते.

## टप्पा ३: ताट बदला, दर आठवड्याला एकच गोष्ट

पाच बदल, पाच आठवडे. क्रम ठरवून दिलाय, कारण पहिले दोन बदल करताना भूक लागत नाही. भूक सहन करायची सवय नंतर होते.

पहिला आठवडा: पिण्यातली साखर. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर ५० ग्रॅम साखर झाली, म्हणजे २०० कॅलरी. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकदम बिनसाखरेचा चहा करू नका, चार दिवसांत कंटाळा येतो. दर तीन-चार दिवसांनी अर्धा चमचा कमी करा. टपरीवर आधीच साखर घालून उकळलेला चहा असतो, तिथे कटिंग घ्या आणि दोनाचा एक करा. थंड पेयं, पॅकबंद ज्यूस आणि उसाचा रस यातच आले. गुळाचा चहाही साखरेच्याच खात्यात लिहा.

दुसरा आठवडा: तेल. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत सगळ्यात जास्त फळ देणारी पायरी हीच, म्हणून सविस्तर सांगतो.

घरात महिन्याला किती तेल येतं ते आधी विचारा. आम्ही तिघं, आणि किराणा मालाच्या यादीत दर महिन्याला चार लिटर शेंगदाणा तेल. चार लिटर म्हणजे जवळपास ३३ हजार कॅलरी, माणशी दिवसाला ३६०. तळण नाही, सण नाही, नुसत्या रोजच्या फोडण्या आणि पोळ्यांचं तेल. माणशी अर्धा लिटरपर्यंत आणलं तर हाच आकडा १४० च्या आत येतो. भूक तेवढीच, भाजी तेवढीच, आणि रोजच्या तुटीतला जवळजवळ निम्मा भाग इथेच भरून निघतो.

करायचं कसं? आईच्या मागे उभं राहून ‘एवढं तेल कशाला’ म्हणू नका. एकतर तिला वाईट वाटतं, दुसरं म्हणजे चार दिवसांनी सगळं मूळ पदावर येतं. मी एक तारखेला महिन्याचं तेल मोजून स्टीलच्या बरणीत ओतलं आणि आईला म्हटलं, ‘आई, एवढ्यात बसवून बघूया का?’ बाकी तिनेच केलं. ती आधी पळीने तेल घालायची, तिथे चमचा आला. मोहरी तडतडली, भाजी परतली की कढईवर खोलगट झाकण ठेवून त्यावर पाणी ओतायचं आणि मंद आचेवर भाजी वाफेवर शिजू द्यायची. कोबी, फरसबी, गवार, दुधी अशा भाज्या एवढ्यावर शिजतात, खाली लागत नाहीत. झाकणावरचं गरम पाणी लागलं तर भाजीतच घालायचं. ही युक्ती तिच्या आईची. आमच्याकडे नॉनस्टिक आल्यावर ती मागे पडली होती.

मेसचा डबा असेल तर तेल तुमच्या हातात नाही. डबा उघडल्यावर पाच मिनिटं तसाच ठेवा, रश्शावर तवंग जमतो, तो चमच्याने बाजूला काढा. दोन भाज्यांपैकी कोरडी तेलकट असेल तर रस्सा घ्या. मेसवाल्या काकूंना पोळीला वरून तेल लावू नका म्हणून सांगितलं तर बहुतेक ऐकतात.

तिसरा आठवडा: प्रथिनं वाढवा. कमी करायच्या आधी वाढवायचं. पोट भरलेलं राहिलं की चौथ्या आठवड्यात पोळी-भात कमी करताना जड जात नाही.

ढोबळ मापं पाठ करून ठेवा. एक अंडं ६ ग्रॅम. कोरडे सोया चंक्स ५० ग्रॅम घेतले तर २६. शंभर ग्रॅम पनीर १८, पण त्याबरोबर तीनशेच्या आसपास कॅलरी येतात. दीडशे ग्रॅम कच्चं चिकन ३० च्या वर. वाटीभर वरणात ३० ग्रॅम डाळ असेल तर फक्त ७. पातळ वरणात तेवढीही नसते.

शाकाहारी माणसाचा एक दिवस असा बसतो: सकाळी ६० ग्रॅम मूगडाळीची धिरडी (१४), दुपारी ४० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, दोन पोळ्या आणि वाटीभर दही (मिळून २०), संध्याकाळी मूठ-दीड मूठ फुटाणे (८), रात्री सोया चंक्सची भाजी आणि एक भाकरी (३२), झोपण्याआधी कपभर दूध (८). झाले ८२. यातून सोया काढला तर साठही होत नाहीत, हे स्वच्छ सांगतो. त्यामुळे अंडी आणि सोया दोन्ही चालत नसेल तर व्हे प्रोटीनच्या पावडरीचा, डब्यात येतो तो मोठा चमचा, एक घ्यायला हरकत नाही. ते दुधातूनच काढलेलं असतं.

शेंगदाण्याला प्रथिनांचं खाद्य समजू नका. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम दाण्यांत प्रथिनं ७-८ आणि कॅलरी १७०. भाजीत दाण्याचं कूट सढळ हाताने पडत असेल तर तेही मोजा.

चौथा आठवडा: पोळी, भाकरी, भात. पोळी सोडून भाकरी सुरू केली की वजन उतरतं, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. तीस ग्रॅम कणकेचा फुलका १०० कॅलरी, साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी २०० कॅलरी. एक भाकरी म्हणजे दोन फुलके, एवढंच. भाकरीने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि तिला तेल लागत नाही, म्हणून ती चांगली. पण तीन भाकऱ्या खाऊन उपयोग नाही.

भात बंद करू नका. पन्नास ग्रॅम तांदळाचा वाटीभर भात १७५ कॅलरीचा होतो, तो ताटात बसतो. वाढायचा क्रम बदला: आधी कोशिंबीर आणि भाजी, मग वरण किंवा उसळ, राहिलेल्या जागेत पोळी नाहीतर भात. कोकणातल्या, गोव्यातल्या घरांत जेवणच भाताचं असतं, तिथे पोळी वगळा आणि भात दीड वाटीवर ठेवा.

पाचवा आठवडा: बाहेरचं आणि उपवासाचं. वडापाव ३०० कॅलरीच्या आसपास जातो. तो जेवणाच्या जागी खाल्ला तर हिशेबात बसतो, पण चार वाजता खाऊन वर आठ वाजता पूर्ण जेवण झालं की त्या दिवसाची तूट संपली. आठवड्यातून किती वेळा बाहेर खायचं ते आधी ठरवा. मी दोन ठरवले, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिले.

उपवासाबद्दल लोक ऐकून घेत नाहीत, तरी सांगतो. शंभर ग्रॅम साबुदाणा (३५०), चाळीस ग्रॅम दाण्याचं कूट (२३०) आणि चमचाभर तूप, बटाटा धरला की खिचडीची एक बशी ७०० कॅलरीच्या पुढे जाते, आणि प्रथिनं जेमतेम दहा. दोन वेळा खाल्ली तर १४०० कॅलरी तिथेच झाल्या. उपवास करायचाच तर वरीचे तांदूळ मोजून, दही, ताक, राजगिऱ्याची भाकरी, भेंडी, फळं.

सावध: गरम पाण्यात लिंबू-मध, जिरेपाणी, ग्रीन टी, पोटाला बांधायचा पट्टा, डिटॉक्सची पावडर. यातल्या कशानेही चरबी वितळत नाही. मध म्हणजे साखरच, आणि पट्ट्याने जातो तो घाम.

*तपासा:* पाचव्या आठवड्याअखेर सरासरी वजन सुरुवातीपेक्षा दीड ते चार किलोंनी खाली असायला हवं. काहीच हललं नसेल तर टप्पा ५ कडे न जाता तीन दिवस सगळं काट्यावर तोलून लिहा. बहुतेक वेळा गळती तेल, दाणे नाहीतर शनिवार-रविवारात सापडते.

## टप्पा ४: चालणं

हा टप्पा ताटाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सोबतच सुरू करायचा. सध्या दिवसाला किती पावलं होतात ते फोनमध्ये पाहा. माझी ३२०० होती. दर आठवड्याला हजार वाढवा, आठ-नऊ हजारांवर थांबा. पहिल्या दिवशी दहा हजारांचा हट्ट नको, टाचा दुखायला लागतात.

वेळ काढायला पहाटे उठायलाच हवं असं नाही. दोन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चाला, जेवणानंतरची साखरही त्याने आटोक्यात राहते. बसच्या एक थांबा आधी उतरा. पावसाळ्यात सोसायटीचं पार्किंग किंवा जिना. वेग किती? शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. असं आठवड्याला १५० मिनिटं झालं की पुरेसं. बूट टाचेला मऊ आणि बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा असलेले घ्या. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप खरं कळतं.

## टप्पा ५: ताकद

सातव्या आठवड्यापासून. नुसतं खाणं कमी करून उतरवलेल्या वजनात स्नायूही जातात, आणि मग माणूस बारीक दिसतो पण पोट तसंच लोंबतं. म्हणून आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, अर्धा तास. सुरुवातीचे दोन महिने घरीच.

१. खुर्चीवरची बैठक. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे सरकणार नाही. पाय खांद्यांएवढे लांब, पावलं किंचित बाहेर वळलेली, हात समोर. मनात तीन आकडे मोजत कमरेतून मागे जात खाली या. ढुंगण खुर्चीला टेकलं न टेकलं तोच टाचा जमिनीत रोवून उठा. धपकन बसत असाल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. गुडघे आत पडत असतील तर तेवढ्यावर थांबा आणि संख्या कमी करा. आठ-आठचे दोन फेरे.

२. ओट्यावर हात टेकून जोर. जमिनीवर जोर निघत नाही म्हणून लोक सोडून देतात. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात टेका, पाय मागे न्या, टाचेपासून मानेपर्यंत एक रेघ ठेवा आणि छाती ओट्याजवळ आणा. बारा-बारा सहज निघाले की हात पलंगाच्या काठावर, मग जमिनीवर. मला जमिनीवरचा पहिला नीट जोर काढायला अकरा आठवडे लागले.

३. बॅग ओढणं. पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तकं किंवा तांदळाची पिशवी भरा, कमरेत वाकून पाठ सरळ ठेवा आणि बॅग पोटाकडे ओढा. प्रत्येक हाताने दहा.

४. पाठीवर झोपून कंबर उचलणं, बारा. आणि शेवटी प्लँक, म्हणजे कोपरं आणि चवडे टेकून अंग एका रेघेत ताठ धरणं, वीस सेकंदांपासून.

दर आठवड्याला एक-दोन आकडे वाढवा किंवा तिसरा फेरा घाला. काय केलं ते त्याच वहीत लिहा. जिम लावायची ती आता लावा. तोवर हालचाली अंगात बसलेल्या असतात आणि महिन्याभरात पैसे वाया जात नाहीत.

सावध: रथसप्तमीला एकदम १०८ सूर्यनमस्कार, मित्राशी पैज लावून दोनशे बैठका, असं सवय नसताना करू नका. स्नायू इतके मोडतात की त्यातले घटक रक्तात उतरून मूत्रपिंडावर ताण येतो. मांड्या प्रचंड सुजल्या, दुखल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, उद्यावर टाकू नका.

## टप्पा ६: काटा अडकतो तेव्हा

अडकणारच. माझा ८६ वर पाच आठवडे अडकला होता. घाबरून जेवण आणखी कमी करण्याआधी या क्रमाने बघा.

आधी कंबर मोजा. वजन तेच आणि कंबर दोन सेंटीमीटरने कमी, तर काम चालू आहे. मग वही बघा: तोलून लिहिणं कधी बंद झालं? माझं दोन महिन्यांपूर्वीच झालं होतं, आणि ‘अंदाजे’ची पोळी हळूहळू मोठी होत गेली होती. मग झोप. सहा तासांच्या खाली झोप गेली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, हे मी वहीवरून दाखवू शकतो. त्यानंतर टप्पा २ चं गणित नव्या वजनाने पुन्हा करा. ८६ किलोच्या शरीराला ९८ किलोएवढं लागत नाही, माझा २५०० चा आकडा २३५० वर आला होता.

हे सगळं नीट असूनही चार आठवडे सरासरी हलली नाही, तरच १०० ते १५० कॅलरी कमी करा. सलग पाच-सहा महिने झाले असतील तर मध्ये दोन आठवडे वजन टिकेल एवढं खा. दिवाळीचे दहा दिवस मी असेच वापरतो. फराळ मोजून खातो, उतरवायचा प्रयत्न करत नाही, चालणं मात्र सोडत नाही.

वजनाची इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागली, त्याबद्दलही विचारणा होते. ती डॉक्टरांनी तपासून द्यायची औषधं आहेत. मित्राच्या चिठ्ठीवर किंवा ऑनलाइन मागवून घेऊ नका. फॅट बर्नर म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर पैसे घालवू नका.

## टप्पा ७: धावणं

चार महिने चालणं झाल्यावर आणि बीएमआय ३० च्या खाली आल्यावर. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, त्यामुळे थांबण्यात फायदाच आहे. एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा, आठवड्यातून तीनदा. दर आठवड्याला धावण्यात अर्धा मिनिट वाढवा. नडगीच्या हाडावर बोट दाबून एकाच ठिकाणी दुखत असेल तर दोन आठवडे धावणं बंद. मी साताऱ्याचा, अजिंक्यताऱ्याचा चढ जवळ आहे म्हणून चढ चालत जातो आणि धावणं सपाटीवरच ठेवतो. उतारावर धावत येऊ नका, गुडघा तिथेच दुखावतो.

## टप्पा ८: पोचल्यावर

ठरवलेलं वजन आलं त्याच रविवारी जुनं जेवण सुरू केलं, ही शेवटची आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. दर आठवड्याला १०० ते १५० कॅलरी वाढवा: एक फुलका, पुढच्या आठवड्यात आणखी अर्धी वाटी भात. सरासरी दोन आठवडे स्थिर राहिली की तिथे थांबा. तेलाची बरणी, प्रथिनांचा आकडा आणि तीन दिवसांची ताकद तशीच ठेवायची.

रोज वजन करायची गरज आता नाही, बुधवार आणि रविवार पुरे. वहीच्या पुठ्ठ्यावर एक आकडा मोठ्या अक्षरात लिहा: ठरवलेलं वजन अधिक दोन किलो. माझ्या वहीवर ७६ लिहिलंय. लागोपाठ दोन रविवार त्याच्या वर गेले तर तिसऱ्या सोमवारपासून सात दिवस पुन्हा टप्पा १, म्हणजे काहीही न बदलता फक्त लिहायचं. गेल्या दीड वर्षात माझ्यावर ही वेळ दोनदा आली. एकदा गळती चहाच्या साखरेत सापडली, एकदा ऑफिसातल्या नव्या कँटीनच्या पराठ्यात.